तपासलेली वही

तैवानमधील ताइनान येथे १९९१ साली जन्मलेल्या लिन यी-हान या लेखिकेच्या नावावर एकच कादंबरी आहे. ‘फांग स्सी-चीचे पहिल्या प्रेमाचे नंदनवन’ ही ती कादंबरी फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २७ एप्रिल रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लेखिकेने आपले जीवन संपविले. कादंबरीमागे तिचाच किशोरवयातील अनुभव होता, असे आईवडिलांनी त्यानंतर सांगितले.

कादंबरीतील स्सी-ची तेरा वर्षांची आहे. काओस्युंगमधील एका सधन इमारतीत ती राहते. तिला व तिच्या मैत्रिणीला साहित्याचे वेड आहे. त्याच इमारतीतील एक पन्नाशीचा गृहस्थ शिकवणी वर्गात भाषा शिकवितो. मुलींचे निबंध विनामूल्य तपासून देण्याची तयारी तो दाखवितो आणि पालक कृतज्ञ होतात. दार उघडते ते निबंधाच्या निमित्ताने. पुढे जे घडते त्याला नाव द्यायला स्सी-चीजवळ शब्द उरतात, पण तेही बव्हंशी त्यानेच हाताळलेले. या माणसावर आपले प्रेमच असले पाहिजे, अशी ती मनाची समजूत घालते; तसे नसेल तर जगणेच अशक्य होईल. घरी लैंगिक शिक्षणाचा विषय ती आडवळणाने काढते, तेव्हा आईला त्याची गरजच वाटत नाही.

आपल्या साहित्यशास्त्रातील ‘सहृदय’ ही संकल्पना इथे अडखळते. काव्याच्या अनुशीलनाने मन निर्मळ होते, असे अभिनवगुप्तापासून आपण गृहीत धरीत आलो. (वर्गात तर ते जरा अधिकच ठामपणे सांगितले जाते.) हा शिक्षक अभिजात कवितेचा जाणकार आहे, त्याचे पाठांतर चोख आहे. मृत्यूपूर्वी काही दिवस दिलेल्या मुलाखतीत लिनने हाच प्रश्न धसास लावला होता: ज्या परंपरेने शब्द आणि अंतःकरण एक मानले, त्या परंपरेत वाढलेला माणूस असे कसे वागू शकतो? की कला हे मुळातच गोड बोलणे आहे? साहित्यावर नितांत श्रद्धा असल्यावाचून हा प्रश्न इतका जिव्हारी लागत नाही.

मे २०१७ मध्ये शिकवणी वर्गांतील शिक्षकांनी खरे नाव जाहीर करावे, अशी कायद्यात दुरुस्ती झाली. चौकशी मात्र पुराव्याअभावी ऑगस्टमध्ये आरोपपत्राविना संपली.

कादंबरीत स्सी-चीचे मानसिक संतुलन ढळते. ती काही सांगू शकत नाही. तपासलेले निबंध केव्हाच मागे पडलेले असतात. मैत्रिणीच्या हाती लागते ती तिची रोजनिशी, आणि ती वाचायला बसते.