सव्विसावा राउंड

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 राउंड. चौथीतल्या पोरालाही जमेल असा भागाकार. मला तो जमला नाही, आणि त्या चुकीपायी मी नाशिकच्या कॉलेजांतून धावणाऱ्या पोरींचा कायमचा चाहता होऊन बसलो.

तीन हिवाळे झाले त्याला. आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा चालू होत्या आणि राउंड मोजायला माणसं कमी पडत होती. ओळखीच्या एका क्रीडाशिक्षकांनी मला मांडवातून उठवलं. "रोज सकाळी स्वतःच्या चकरा मोजता, आज दुसऱ्याच्या मोजा," म्हणाले. हातात पॅड, कागद, पेन. वाट्याला दोन धावपटू. काम सोपं दिसतं. आपली मुलगी रेषेवरून गेली की तिच्या नावापुढे रेघ ओढायची, वेळ टिपायची आणि किती उरले ते तिला ओरडून सांगायचं. पहिले सात-आठ राउंड ते सोपं असतंही. मग पुढच्या मुली मागच्यांना गाठायला लागतात, घोळका विस्कटतो, आणि कोण पहिली, कोण एक राउंड मागे, हे नुसतं बघून कळेनासं होतं. पाटीवर लावलेला आकडा सगळ्यांत पुढे असलेलीचा असतो. मागच्यांनी त्यावर भरवसा ठेवला तर फसगत. त्यांचा हिशेब त्यांच्या मोजणाऱ्याच्या कागदावर.

माझ्या कागदावरची एक मुलगी सगळ्यांत मागे होती. हरसूलकडची, एफ.वाय.बी.ए.ला, पायात कोणाचे तरी मागून आणलेले, एक नंबर मोठे स्पाइक. पहिली येणारी तिला चार वेळा ओलांडून गेली. त्यातल्या एका वेळी दोघी जोडीनेच रेषेवर आल्या. मी पुढचीची ऐट बघत राहिलो आणि हिची रेघ ओढायची राहून गेली.

शेवटी ट्रॅकवर ती एकटी उरली. मांडवात चहा आला होता, पुढच्या शर्यतीच्या मुलींची नावं पुकारणं सुरू झालं होतं. ती समोरून गेली तेव्हा मी एक बोट वर केलं, अजून एक. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेली. पूर्ण राउंड मारून आली.

पाणी प्यायली, श्वास खाली बसला, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, एक जास्त झाला ना?"

"मग थांबली का नाहीस?"

"मी पण मोजत होते. पण तुम्ही बोट दाखवलं. थांबले असते आणि चोवीसच निघाले असते, तर सगळंच वाया."

मी कागद घेऊन पंचांकडे निघालो, तर तिनेच अडवलं. "राहू द्या काका. नंबर तर शेवटचाच आहे."

निकालाच्या कागदावर ती दहा हजार मीटर धावली आहे. वरचे चारशे माझ्या खात्यावर आहेत.

यंदा ती टी.वाय. झाली. तिच्याबरोबर आणखी चौघी कॉलेजातून बाहेर पडताहेत, एक दिंडोरीची, एक पेठची, दोघी शहरातल्याच. पाचही जणींनी मिळून माझ्या तीन हिवाळ्यांच्या सकाळी पळवल्या आहेत.

हरसूलकडची म्हटलं की नाशिककराच्या तोंडी पुढचं नाव आपसूक येतं, कविता राऊत. 'सावरपाडा एक्स्प्रेस'. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी नाशिकला आली आणि भोसला मिलिटरीच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्यपदक घेतलं, 33 मिनिटं 5.28 सेकंद. पुढे होत्या त्या दोघी केनियाच्या. राष्ट्रकुलात ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधीचं भारताचं तसलं पदक शोधायला थेट 1958 सालच्या कार्डिफपर्यंत, म्हणजे मिल्खा सिंगांपर्यंत, मागे जावं लागतं.

दिल्लीचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते त्याहून भारी शर्यत पुढच्याच महिन्यातली, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतली. तिथे केरळच्या प्रीजा श्रीधरनने 31:50.47 वेळेत सुवर्ण जिंकलं आणि कविता आली 31:51.44 वेळेत. पंचवीस राउंड धावून दोघींत एक सेकंदही अंतर नाही. एका महिन्यात कविताने स्वतःच्या वेळेतून मिनिटाहून जास्त कापलं होतं. लांब पल्ल्यात मिनिट म्हणजे काय, ते राउंड मोजायला बसलेल्या माणसाला विचारा. पाऊण राउंडाएवढं अंतर असतं ते.

तिच्यानंतर संजीवनी जाधव आली, चांदवड तालुक्यातली, तयारी त्याच मैदानावरची. 2017 साली भुवनेश्वरच्या आशियाई मैदानी स्पर्धेत पाच हजार मीटरला कांस्य, आणि त्याच वर्षी तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजारला रौप्य. हे दुसरं पदक मला फार मोलाचं वाटतं, कारण ती स्पर्धाच विद्यापीठांतल्या खेळाडूंची. म्हणजे ते पदक कॉलेजच्या मुलीचं होतं. आपल्या जिमखान्याच्या फलकावर खडूने नाव लिहिलेलं असतं, तसल्या मुलीचं. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका जिल्ह्याच्या मानाने एका वर्षाचं पीक वाईट नव्हतं.

यावर लोकांकडे एक तयार उत्तर असतं, "आदिवासी पोरी लांबून पाणी आणतात, म्हणून धावतात." या उत्तराचा मला मनापासून कंटाळा आहे. लांबून पाणी महाराष्ट्रातल्या निम्म्या जिल्ह्यांत आणतात, धावपटू नाशकातच का निघतात? कारण इथे एक प्रशिक्षक वर्षानुवर्षं पहाटे मैदानावर उभा राहिला, राहायची सोय झाली, खाण्याचं पाहिलं गेलं, फी माफ करणारी कॉलेजं भेटली. हवेचाही हात आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, थंडीत पहाटे तोंडातून वाफ निघते. पण हवा सगळ्यांना फुकट मिळते, प्रशिक्षक मिळत नाही.

आणि अजून एक गोष्ट लागते, तिचं कौतुक कोणी करत नाही. घोळका. लांब पल्ल्याची धावपटू एकटी तयार होत नाही. तिच्याबरोबर रोज पहाटे साडेपाचला उठून धावणाऱ्या सात-आठ जणी असाव्या लागतात. कोणी पहिले पाच राउंड पुढे राहून वेग लावते, कोणी मधले ओढते, कोणी शेवटपर्यंत मागे चिकटून राहते म्हणून पुढचीला ढिलं पडता येत नाही. पदक एकीच्या गळ्यात पडतं. बाकीच्यांची नावं गॅझेटात तर नाहीतच, कॉलेजच्या वार्षिक अंकातही "व इतर" या दोन शब्दांत मावतात.

यंदा जाणाऱ्या पाचही जणी या "व इतर"मधल्या.

पेठची मुलगी वेग लावणारी. तिच्या मनगटावर साधं घड्याळ, पण ती त्यात बघत नाही. प्रशिक्षकांनी "चौऱ्याण्णव" म्हटलं की चौऱ्याण्णव सेकंदांत राउंड. मी माझ्या घड्याळावर ताडून पाहिलंय. एक-दोन सेकंदांपलीकडे चूक नाही. दिंडोरीची चढावर भारी. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर ती बाकीच्यांची वाट बघत वर बसलेली असते. शहरातल्या दोघी बहिणी नाहीत, पण वागतात तशा. एक धावते तेव्हा दुसरी आतल्या कडेने पळत तिला शिव्याच घालते, प्रेमाच्या. आणि हरसूलची. तिसऱ्या वर्षी ती शेवटची राहिली नव्हती. यंदाच्या स्पर्धेत सहावी आली. पदक नाही, विद्यापीठाच्या संघात निवड नाही. पण तिला पूर्ण राउंडाने ओलांडून जाणारी त्या दिवशी एकच निघाली. मी मोजलं, दोनदा.

कॉलेजच्या खेळाडूचं आयुष्य असतं केवढं! विद्यापीठांच्या स्पर्धांना पंचविशीची अट आहे, पण तिथवर पोहोचतंय कोण? पदवीची तीन वर्षं, फार तर एम.ए.ची दोन. तेवढाच काळ ती मुलगी नाशिकची असते. पुढे चांगली निघाली तर रेल्वेची, पोलिसांची, तेल कंपनीची होते. प्रीजा रेल्वेत, कविता ओएनजीसीत. देशातल्या काही मोठ्या स्पर्धांना नोकरी देणारेही आपापले संघ उतरवतात, तेव्हा निकालात नावापुढे गाव येत नाही, खातं येतं. नोकरी मिळाली याचा मला आनंदच आहे, त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. पण चाहत्याची पंचाईत होते. टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, रेल्वेसाठी? आपण रेल्वेला जन्मभर शिव्या घातलेल्या असतात.

आणि बहुतेकींचं धावणं तिथवरही जात नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणारी कामगिरी या "व इतर"कडे सहसा नसते. मग त्या पोलीस भरतीच्या तयारीला लागतात. भरतीत मुलींसाठी 800 मीटर असतं, 100 मीटर असतं आणि गोळाफेक. पंचवीस राउंडवालीने दोन राउंडांची परीक्षा द्यायची. वाटतं, हे तर हातचं काम. पण दोन राउंडांचं धावणं म्हणजे निराळीच जात, तिथे दम साठवून ठेवायला वेळच नसतो. आणि गोळा! फेब्रुवारीत एका संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यात पेठची मुलगी चार किलोचा गोळा फेकत होती. दंड काडीसारखे. गोळा हनुवटीखाली धरायची, गिरकी घ्यायची आणि तो फुसकन चार-साडेचार मीटरवर पडायचा. जाऊन उचलायची, पुन्हा. अर्धा तास. चौऱ्याण्णव सेकंदांचा राउंड झोपेत धावणारी ही मुलगी त्या लोखंडापुढे पार नवशिकी झाली होती. मी लांब बाकावर बसून राहिलो, जवळ गेलो नाही. तिला ते आवडलं नसतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत एक चांगली रीत आहे. चार वर्षं खेळून निघालेल्या खेळाडूंसाठी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना राखून ठेवतात. आई-वडलांना बोलावतात, एकेकाचं नाव पुकारतात, गॅलरी उभी राहते. मग त्यातला खेळाडू पुढे व्यावसायिक होवो की विमा विको. आपल्याकडे निरोप समारंभ वर्गाचा होतो, हॉलमध्ये, साडी नेसून. मैदानाचा होत नाही. खेळाडू बाहेर पडतो म्हणजे एक दिवस यायचा थांबतो. आधी वाटतं परीक्षा असेल. मग आजारी असेल. मग कोणीतरी सांगतं, "तिचं लग्न ठरलं," किंवा "ती पुण्याला क्लासला गेली."

यंदा मात्र पोरींनी स्वतःच ठरवलं. मार्चातला एक रविवार, सकाळी सात. प्रशिक्षकांनी त्या दिवशी वेळ लावली नाही. पाचही जणी बोलत बोलत दहा राउंड धावल्या. एरवी धावताना बोललं की ओरडा बसतो. नंतर मिसळ, प्रत्येकीचा वाटा शिल्लक राहिलेल्या प्रवासखर्चातून. एकीने वहीच्या कागदावर सगळ्यांचे फोन लिहून घेतले, जसे काही ते आधी नव्हतेच. कोणी रडलं नाही. दिंडोरीची रडेल असं वाटलं होतं, पण ती तर्री जास्त झाली म्हणून नाक पुसत होती, असं तीच म्हणाली.

हरसूलच्या मुलीने पिशवीतून स्पाइक काढले. पहिल्या वर्षीचे मागून आणलेले नव्हेत, दुसऱ्या वर्षी स्वतः घेतलेले. आत वर्तमानपत्राचे बोळे, तळाला लाल माती वाळून बसलेली. लेसला दोऱ्याने बांधलेली पिना आवळायची छोटी किल्ली. ते तिने एफ.वाय.च्या एका नव्या पोरीपुढे ठेवले. "पाच नंबर. तुला बसतील. सिंथेटिकवर जाशील तेव्हा छोट्या पिना लाव, या मातीच्या आहेत."

नव्या पोरीने बूट उलटे करून मातीतून पिना चाचपल्या. "अकराच आहेत."

"बारा आहेत. नीट मोज."

पोरीने पुन्हा मोजल्या, मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं आणि बूट पुढे केला.

"काकांना नको देऊ मोजायला," हरसूलची म्हणाली.