सेन्सर बदलण्याआधी

मेलेला ऑक्सिजन सेन्सर पकडायला फारशी अक्कल लागत नाही. स्कॅनरवर सरळ रेघ दिसते, विषय संपला. कस लागतो तो मंदावलेल्या सेन्सरपाशी. तो बोलतो खरं, पण उशिरा. तोवर इंजिनाच्या कॉम्प्युटरने पेट्रोल नको तितकं वाढवलेलं किंवा तोडलेलं असतं. मायलेज घसरतं, गाडी उभी असताना हिसके देते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. कोड पी०१३३. गिऱ्हाईक तो मोबाइलवर शोधूनच येतं आणि फर्मावतं, "सेन्सर टाकून द्या."

पण कोड एवढंच सांगतो, की उत्तर उशिरा येतंय. का, ते शोधायचं काम आपलं, आणि मी मजुरी घेतो ती त्याची.

बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा बसला. आत झिर्कोनियाची छोटी टोपी, तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर. बाहेरून सायलेन्सरकडे जाणारा धूर, आतून मोकळी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकातून वीज निर्माण होते : पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असेल तर ०.१. तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून पोटात हीटर असतो. चांगला सेन्सर अडीच हजार आरपीएमवर सारखा खाली-वर होत राहतो आणि एकेक उडी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात मारतो. (काही नव्या गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो, त्याला हे आकडे लावू नयेत.)

मी आधी संशय घेतो तो स्कॅनरवर. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र एकाच वेळी दहा आकडे मागवत बसलं, तर ठणठणीत सेन्सरही सुस्त दिसतो. म्हणून बाकी सगळं बंद करून एकच ग्राफ लावायचा. जमल्यास ऑसिलोस्कोप.

मग मॅनिफोल्ड. इंजिन थंड असतानाच सुरू करून कान द्यायचा. टकटक ऐकू आली किंवा जोडावर काळा डाग दिसला, तर तिथे गळती आहे. धूर ठोक्याठोक्याने निघतो आणि दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा मोजून सेन्सर बदनाम होतो.

त्यानंतरची परीक्षा माझी आवडती. इनटेकमध्ये जरासा प्रोपेन सोडायचा : व्होल्टेज झटक्यात वर गेलं पाहिजे. व्हॅक्यूमची एक नळी काढायची : तितक्याच झटक्यात खाली. दोन्ही वेळा जमलं, तर सेन्सर निर्दोष. दोष इंजेक्टर, इंधनाचा दाब किंवा हवेच्या गळतीत शोधावा. रेंगाळला, तर हीटरचा फ्यूज आणि ओहम तपासून मगच पाना हातात घ्यायचा.

काढलेल्या सेन्सरचं टोक निरखून बघावं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा, वाळूसारखा थर म्हणजे सिलिका. एका गाडीत वर्षभरात दोन सेन्सर गेले होते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला कुणीतरी साधं सिलिकॉन गॅस्केट मेकर सढळ हाताने थापलं होतं. त्याची वाफ ब्रीदरमधून इनटेकमध्ये, तिथून थेट प्लॅटिनमवर. सेन्सर-सेफ लिहिलेली ट्यूब त्याच दुकानात मिळते! हेड गॅस्केटमधून झिरपणारा कूलंटही असाच थर चढवतो. तो पेट्रोलमध्ये बुडवून निघत नाही, व्हिडिओवाले काहीही म्हणोत.

नवा सेन्सर बसवताना अँटी-सीझ फक्त आट्यांना, तेही कंपनीने आधी लावलेलं नसेल तर. टोकाला बोटही नको. वायर कापून सोल्डर करू नये : बऱ्याच सेन्सरांना आतली हवा वायरीतूनच मिळते.

कोड पुसला की दिवा विझतो, पण त्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. हायवेला एक फेरी मारून, गाडीने स्वतःची सेन्सर-चाचणी पूर्ण केल्याचं स्कॅनरवर दिसलं, की मगच बिल करतो.