पारण्याचं पान

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हमखास आईवर रुसायचो. आदला दिवस उपवासाचा म्हणून जिवाची समजूत काढलेली असायची आणि त्याचं उट्टं मला द्वादशीला काढायचं असायचं. पुरणपोळी, नाहीतर निदान भजी तरी. आई मात्र वरण-भात, घेवड्याची भाजी आणि लिंबाची फोड वाढायची. "पारण्याचं पान रोजचंच असतं," एवढंच म्हणायची.

संत तुकाराम नगरात आमच्या दोन खोल्या होत्या. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याच्या वाटेला लागली की आम्ही पोरं वल्लभनगरच्या एसटी स्टँडपाशी हायवेवर जाऊन उभी राहायचो, वारकऱ्यांच्या हातात केळी आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवायचो. पालखी पुढे गेली की अडीचएक आठवड्यांनी आषाढी, हे गणित आम्हाला तोंडपाठ होतं. कारण आषाढी म्हणजे साबुदाण्याची खिचडी.

त्या खिचडीचा हिशेब मी फार उशिरा मांडला. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वर मूठभर दाण्याचं कूट, एक बटाटा, मोठा चमचाभर तूप. भरलेली ताटली सातशेच्या घरात जाते. दोन भाकरी, पालेभाजी आणि वाटीभर आमटी त्याहून कमीच भरते. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, भुईमूग, हिरवी मिरची, ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून जहाजांनी आपल्याकडे आली. म्हणजे हा फराळ काही शतकांपलीकडचा नाही. त्यामागची श्रद्धा खरीच आहे. पण उपवासाला चालतं म्हणून ते अंगाला लागत नाही, हा समज मात्र खरा नाही.

आणखी एक गोष्ट तर त्याहूनही उशिरा दिसली. खिचडी आम्ही खायचो. आईच्या वाट्याला कढईच्या बुडाची खरवड, एखादं उकडलेलं रताळं आणि चहा यायचा. सोमवार, संकष्टी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या. घरात खरा उपवास तिचा एकटीचा होता आणि तोही आमच्यासाठी होता. ती कधी जाड झाली नाही. शेजारणी म्हणायच्या, "वहिनी, तुमचं बरं आहे." चाळिशीत तिला जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "तुम्ही जेवता कधी?" आईला उत्तर देता आलं नाही. बाजूला बसलेल्या मलाही देता आलं नाही. आई कधी जेवते हे मी पाहिलंच नव्हतं.

काट्यावरचा आकडा किती थोडं सांगतो हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी असताना उपाशी राहून तीच खर्च केली, तर काटा खाली येईल. ताकद मात्र जाईल.

माझ्या वडिलांना, आण्णांना, मधुमेह होता. एका नवरात्रात त्यांनी नऊ दिवसांचा उपवास धरला आणि मधुमेहाची गोळी मात्र रोजच्यासारखी घेत राहिले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीला निघताना कंपनीच्या बसथांब्यावर त्यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्या माणसाने चहाच्या टपरीवरून साखर आणून तोंडात घातली म्हणून निभावलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये, गरोदर बाईने आणि वाढत्या मुलाने तर वजनासाठी उपवास धरूच नये, हे मी तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

वजन उतरवण्याची माझी स्वतःची पाळी 2018 मध्ये आली. तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी वाद रंगला होता, डॉ. जगन्नाथ दीक्षित की ऋजुता दिवेकर? डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून स्फूर्ती घेतलेले दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, मधे काही खाऊ नका, रोज 45 मिनिटं चाला. दर खाण्याला इन्सुलिन वाढतं आणि ते वाढलेलं असेपर्यंत साठलेली चरबी वापरली जात नाही, हा त्यामागचा विचार. दिवेकरांचं म्हणणं, घरचं, हंगामातलं, थोडं थोडं आणि वेळेवर खा. मी दीक्षितांची वाट धरली. पहाटे हायवेलगत मेट्रोच्या उभ्या राहणाऱ्या खांबांशेजारून चालायचो. चार महिन्यांत 84 चे 77 किलो झाले. अंग हलकं झालं, झोप सुधारली. हे श्रेय मी त्या पद्धतीला आजही देतो.

मग चाकणच्या नोकरीत पाळ्या बदलल्या, वेळापत्रक विस्कटलं. दोन जेवणांचं आधी अडीच झालं, मग चार. 2022 च्या मार्चमध्ये त्या खांबांवरून मेट्रो धावली, एका स्टेशनला आमच्या वस्तीचं नाव लागलं, तोवर मी 85 वर पोचलो होतो. कधी खायचं नाही एवढंच मी शिकलो होतो. काय आणि किती खायचं हे शिकलोच नव्हतो. चार महिने मनात साठवलेलं सगळं मला द्वादशीला हवं होतं.

त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठपणा असलेल्या 139 जणांनी वर्षभर सारख्याच कमी कॅलरी खाल्ल्या. त्यातल्या निम्म्यांनी शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं होतं. वर्षाअखेर त्यांचं वजन सरासरी 8 किलो उतरलं, बाकीच्यांचं 6.3; आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. वजन उतरलं ते कमी खाण्याने. उपाशी राहण्याच्या वेळा पाळून ज्याचं खाणं सहज आटोक्यात येतं, त्याने त्या जरूर पाळाव्यात. ज्याला त्याने वखवख सुटते, त्याने दुसरी वाट धरावी.

ती वखवख मी पुष्कळ दिवस मनाचा दुबळेपणा समजत होतो. आमच्या वस्तीला ज्यांचं नाव आहे त्या तुकोबांनी 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ भोगला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आपलं शरीर अशाच दुष्काळांतून तगून इथवर आलं आहे. लांबलेला उपवास आणि दुष्काळ यांतला फरक त्याला कळत नाही. अन्न तुटलं की ते खर्च आवरतं, भूक वाढवतं आणि पुन्हा अन्न दिसलं की साठवायला धावतं. माणसाला जगवणाऱ्या या सवयीशी भांडून मी हरलो होतो. तिला भरवसा द्यायला हवा होता, की उद्याही पान मिळणार आहे आणि ते रोजचंच असणार आहे.

आता मी रात्री साडेसातला जेवतो आणि सकाळपर्यंत काही खात नाही. रोजच्या जेवणात डाळ, उसळ, ताक चुकत नाही. महिन्यातून एक एकादशी करतो, रताळं, राजगिरा आणि मूठभर दाण्यांवर. दोन वर्षांत पाच किलो उतरले आणि परत आले नाहीत.

गेल्या आषाढीला खिचडी मी केली आणि पहिली ताटली आईला दिली. शहात्तर वर्षांची आई थोडा वेळ ताटलीकडे बघत राहिली, मग सावकाश जेवली. द्वादशीला सकाळी वरण-भात, घेवड्याची भाजी आणि लिंबाची फोड वाढून तिचं पान पुढे ठेवलं. तिने हात लावला नाही. म्हणाली, "तुझंही घे वाढून. बरोबरच बसू."

मी माझं पान वाढून घेतलं. दोन्ही पानं सारखीच होती.