शेवटचा अंक

मागच्या महिन्यात अब्बांना घेऊन जुन्या जालन्यातल्या एका केंद्रावर गेलो. रेशन कार्डाची केवायसी करायची होती. अब्बांनी आधारचा नंबर तोंडपाठ सांगितला, तिथल्या पोराने टाईप केला. स्क्रीनवर आलं, क्रमांक चुकीचा. पाहिलं तर ७४ च्या जागी ४७ पडलं होतं.

पोरगा म्हणाला, "सर, अजून पुढे पाठवलाच नाही, तरी याला कळलं कसं?"

मी शाळेत गणित शिकवतो. त्याला सांगितलं, बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्याचं काम फक्त राखण. ही रीत याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. नुसत्या बेरजेने भागत नाही, कारण ७ + ४ आणि ४ + ७ दोन्ही ११च. म्हणून त्याने अशी क्रिया घेतली, जिच्यात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. कागदाचा पंचकोन कापा, कोपऱ्यांना नंबर द्या. आधी एक घर फिरवा, मग पालथा करा. आता आधी पालथा करा, मग फिरवा. कोपरे वेगळ्याच जागी येतात. पंचकोनाच्या अशा दहा हालचाली, ० ते ९ या प्रत्येक अंकाला एक. शिवाय अंक कितव्या जागेवर आहे तेही हिशेबात धरतात. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले, तर ती चूक दरवेळी सापडते. आधारचा पहिला अंक ० किंवा १ नसतो, तरी असे ८००० कोटी नंबर होऊ शकतात.

नंबर दुरुस्त झाला. मग नाव अडलं.

रेशन कार्डावर आपल्या मराठवाड्याच्या रीतीचं नाव: समजा, शेख रशीद शेख हमीद. आधारवर तेच रशीद हमीद शेख. बँकेत नुसतं शेख रशीद. माणूस एकच, पण "नाव जुळत नाही". नंबरात क्रम बदलला तर खरोखर चूक होते. नावात क्रम बदलून काहीच बिघडत नाही, पण तिथेच आपल्याला हेलपाटे घालावे लागतात.

बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "नंबर उलटा हुआ तो मशीन कू समज्या. नाम उलटा हुआ तो आदमी कू बी नै समज्या."

धान्याचं काम तिसऱ्या खेपेला झालं. पण त्या रात्री अम्मीने ट्रंक उघडून घरातला एकेक कागद पुन्हा पाहिला. आजकाल आपल्या घरांत ही भीती फक्त रेशनची नसते, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या मुलांना दोन कामं दिली. पंचकोन कापून आणायचा आणि आपलं नाव हजेरीपटाशी, आधारशी ताडून पाहायचं. दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्ती सोपी असते. तुमच्या घरातही एकदा बघून घ्या.