पाडव्याची बोलणी

आज कीड-रोगावर नाही, माणसावर लिहितो.

आमचं वावर बेसा शिवारात. शिवार आता नावापुरतंच. तिन्ही बाजूंनी लेआउट पडले, मधात आमची 4 एकर. त्यात 2 एकर संत्रा, बाकी भाजीपाला. सालदार 9 वर्षांपासून एकच आहे.

मागच्या वर्षी पावसाआधी संत्र्याला बोर्डो मलम लावायचं राहून गेलं. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, खोडाला जमिनीपासून 3 फुटांपर्यंत. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. ठिबकची नळी उंदरांनी कुरतडली, तीही आठ दिवस तशीच. पुढे 7 झाडांवर डिंक्या आला, 3 गेली. मी चिडलो. मग वाटलं, पैसे कमी पडत असतील, म्हणून दिवाळीला थोडे वाढवून दिले. फरक शून्य.

आमच्याकडे साल पाडव्याला लागतं, बोलणी फाल्गुनात. यंदा बसलो तर तो आकड्यावर आलाच नाही.

"मालक, धुऱ्यावर मोजणीवाले आलते. वावर राह्यते का जाते, ते तं सांगा. जाणार असन तं त्या झाडाले मलम कायले लावू?"

मोजणी धाकट्या भावानं करवली होती. मला माहीत होतं. घरातली गोष्ट गड्याला कशाला सांगायची, म्हणून गप्प बसलो होतो. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचंही हेच असेल.

मी सांगितलं, रस्त्याकडची 1 एकर भाऊ विकणार, संत्रा मी निदान 10 वर्षं ठेवणार. बोलताना माझाच आवाज बसला, कारण हे घरात ठरलंच नव्हतं. त्याच रात्री भावासोबत बसलो. भांडण झालं, दोन दिवस बोलणं बंद. पण शेवटी कागदावर आलं, आणि तो कागद मी सालदाराला वाचून दाखवला.

गेलेल्या झाडांच्या जागी नवीन कलमं लावायचं त्यानंच काढलं. "जंबेरीवरची नको, रंगपूर लाईमवरची आणा." फळ यायला पाच वर्षं लागतील हे त्याला सांगावं लागलं नाही.

मे अखेर मी वावरात पोचलो तर चुना रात्रीच भिजवून ठेवलेला, बादलीही प्लास्टिकची. साल मात्र 5 हजारांनी वाढवून घेतलं त्यानं.