स्टिअरिंग जड की खांदा?

गेल्या दिवाळीत दादांनी गाडीची किल्ली माझ्या हातात परत ठेवली, तेव्हाच खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती. सोनईतल्या आमच्या घरापुढं गाडी वळवून लावायची, एवढंच काम होतं. दादांनी स्टिअरिंग अर्धं फिरवलं, थांबले आणि उतरले. ‘‘आता खांद्यात दम राहिला नाही रे,’’ म्हणाले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला होता. व्यायामाने तो मोकळा झालाय, असं डॉक्टर म्हणाले होते. पण माणूस पासष्टीचा. मला वाटलं, चालायचंच. आणि मी फराळाच्या ताटाकडे वळलो.

गाडी कुठली? फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. तुमच्यातल्या निम्म्यांना ती आठवणारही नाही. पॅलिओ २००१ मध्ये आपल्याकडे आली, सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा आणि त्या एवढ्याशा हॅचबॅकमध्ये सोळाशे सीसीचं, शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. कागदोपत्री ही स्पोर्ट्स कार नाही, मान्य. पण पाचवीत असताना भिंतीवर तिचं पोस्टर लावणाऱ्या पोराला हे सांगून बघा! सहा वर्षांपूर्वी खराडीतल्या नोकरीचा बोनस मिळाला आणि मी एक सेकंडहँड जीटीएक्स शोधून आणली. लाल. वर हौस म्हणून चकचकीत अलॉय आणि रुंद टायर.

तिचं स्टिअरिंग जड झालंय, हे मला कळलंच नव्हतं. रोज थोडं थोडं वाढणारं ओझं कळत नाही. ऑफिसात तरी कुठे कळतं? मग एकदा बायकोने तिची इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाली गाडी सोडून ही चालवायला घेतली आणि पार्किंगमध्येच ओरडली, ‘‘ही गाडी आहे की जिमचं मशीन?’’ पुण्यातल्या एका वर्कशॉपने दोन मिनिटं बघून निकाल दिला, ‘‘स्टिअरिंग रॅक गेलाय. पार्ट मिळाला तर पस्तीस हजार. नाहीतर विकून टाका, सर.’’

विकायचीच तर शेवटची एक लाँग ड्राइव्ह गावाला, म्हणून निघालो. नगरच्या पुढे घोडेगावला वळलो, शनी शिंगणापूर मागे टाकलं आणि घरी जायच्या आधी गॅरेजवर थांबलो. मुळा सहकारी साखर कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात मिस्त्रीकाकांची उभी हयात गेलेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी टायरची हवा बघितली. हवी होती ३०, निघाली २१. ‘‘मऊ टायर जागेवर वळवायचा म्हंजी चिखलातून पाय काढायचा,’’ काका म्हणाले.

हवा भरली. थोडा फरक पडला, पण थोडाच. मग त्यांनी पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवली आणि इंजिन बंद ठेवून मला स्टिअरिंग फिरवायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते कुठेही न अडकता फिरलं. ‘‘बघ, रॅक नाय आडकत, जॉइंट बी नाय. ते जाम असतं तर हितं बी जड लागलं असतं.’’ पस्तीस हजार तिथेच वाचले!

गाडी खाली घेतली, इंजिन चालू केलं. उभ्या गाडीत स्टिअरिंग जड. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की हलकं. टोकाला नेलं की ‘चीं’ असा आवाज. इथे मला फंडा कळला. अशा जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो आणि तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करतो. पट्टा घसरला की दाब कमी. पार्किंग करताना इंजिन सगळ्यात मंद आणि जोर सगळ्यात जास्त लागणारा, म्हणून त्रास तिथेच सगळ्यात जास्त. आमचा पट्टा काचेसारखा गुळगुळीत झालेला, शिवाय चिरलेला.

शेवटी तेलाच्या डबीचं झाकण उघडलं. तेल काळं, जळका वास. ‘‘शिंगणापुरात देवाला तेल वाहतो का नाय? मग हिच्या तेलाकडं कोण बघणार?’’ सहा वर्षांत मी ते झाकण एकदाही उघडलं नव्हतं. सिरिंजने जुनं तेल काढलं, मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नवं भरलं. चाकं पुन्हा उचलून स्टिअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवलं, म्हणजे आतली हवा निघून जाते. टोकाला धरून ठेवायचं नाही, पंप तापतो. असं तीनदा केलं. नवा पट्टा, तेल, मजुरी सगळं मिळून अडीच हजारांच्या आत! माझ्या लाडक्या रुंद टायरकडे बघून काका एवढंच म्हणाले, ‘‘ही हौस बी जडच हाय.’’ पुण्याला परतल्यावर मी कंपनीच्या मूळ मापाचे टायर घातले.

पण त्याआधी घरी गेलो आणि दादांना म्हटलं, ‘‘जरा गाडी वळवून लावता का?’’ ते नको नको म्हणत बसले. स्टिअरिंग फिरवलं. पुन्हा फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मला काय बोलावं सुचेना. वर्षभर हा माणूस स्वतःला म्हातारा समजत होता आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं. त्यांच्या खांद्याचं निदान करायला मला फराळाच्या ताटाएवढाही वेळ लागला नव्हता. गाडीचं करायला मात्र आम्ही अख्खी दुपार घालवली.

दादा शिंगणापूरपर्यंत जाऊन आले. एकटेच. ‘‘कशी वाटली?’’ मी विचारलं.

‘‘बरी आहे,’’ म्हणाले. किल्ली मात्र या वेळी त्यांनी परत दिली नाही.