बंद दार आणि इंजिनिअरबाई

आपल्याकडे पोरगी इंजिनिअर झाली की पुढचा रस्ता ठरलेला असतो. कॅम्पस, नोकरी, जमलं तर एम.एस., आणि मग घरचे स्थळं बघायला मोकळे! त्यात कुणी 'मला निवडणूक लढवायचीय' म्हटलं तर अख्खी मेस हसेल. म्हणूनच मेक्सिकोच्या एका बाईंबद्दल लिहावंसं वाटलं.

नाव सोचित्ल गाल्वेस. (सोचित्ल म्हणजे तिथल्या नाहुआत्ल भाषेत फूल. जीभ अडकते, पण प्रयत्न करा!) जन्म १९६३चा, इदाल्गो राज्यातल्या तेपातेपेक गावात. वडील ओतोमी आदिवासी, शाळेत शिक्षक. लहानपणी ही पोरगी जेली विकायची. मग राजधानीत राष्ट्रीय विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि १९९२मध्ये स्वतःची कंपनी काढली. काम 'इंटेलिजंट बिल्डिंग'चं, म्हणजे मोठ्या इमारतीतला एसी, वीज, सिक्युरिटी असं सगळं एका यंत्रणेला जोडायचं. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरमधलंच, फक्त इथे गिऱ्हाईक पैसे देतं.

२०००मध्ये विसेन्ते फॉक्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी आदिवासींच्या विकासाचं काम बाईंकडे दिलं. पुढे २०१५मध्ये राजधानीच्या एका विभागाच्या प्रमुख, २०१८मध्ये सिनेटर. तोवर देशाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

गंमत झाली ती जून २०२३मध्ये. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर रोज सकाळी पत्रकार परिषद घ्यायचे. तिथे ते म्हणाले की बाईंना सरकारी मदत योजना बंद करायच्या आहेत. बाईंनी काय करावं? सरळ कोर्टात गेल्या, उत्तर द्यायची परवानगी मिळवली आणि कागद घेऊन राष्ट्रीय प्रासादाच्या दारात हजर! दार उघडलं नाही. पण बंद दारासमोर उभ्या असलेल्या बाई सगळ्या देशाने पाहिल्या. राजधानीचं महापौरपद लढवायच्या तयारीत होत्या, त्या काही महिन्यांत विरोधकांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या.

मग चौकशी सुरू झाली. कंपनीला सरकारी कंत्राटं कशी मिळाली, असा सवाल खुद्द राष्ट्राध्यक्षांनी केला. सगळं कायदेशीर आहे, असं त्या म्हणाल्या. मला वाटतं, धंदा करून राजकारणात येणाऱ्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फक्त तो सत्तेत बसलेल्यांनाही विचारावा. दुसरं प्रकरण आपल्या जास्त जवळचं. २०१०मध्ये पदवीसाठी दिलेल्या रिपोर्टमध्ये दुसऱ्यांचा मजकूर संदर्भ न देता आल्याचं तेरा वर्षांनी बाहेर आलं, आणि त्यांना ते कबूल करावं लागलं. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच फाईल किती खोल्यांतून फिरते हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे, तेव्हा जास्त लिहीत नाही...

पण माझ्या मते बाई हरल्या त्या वेगळ्याच कारणाने. फॉक्स यांनी २०००मध्ये ज्या पक्षाची ७१ वर्षांची सत्ता संपवली, तोच पीआरआय पक्ष २०२४मध्ये बाईंच्या आघाडीत होता. लोक ज्याला कंटाळले होते ते सगळं पाठीवर घेऊन, जेली विकणाऱ्या मुलीची गोष्ट सांगत फिरायचं! उलट ओब्रादोर यांच्या काळात किमान वेतन वाढलं होतं आणि म्हाताऱ्यांच्या हातात पेन्शन येत होती. नुसतं हजरजबाबीपण त्यापुढे किती पुरणार?

२ जून २०२४ला मतदान झालं. बाईंना २७ टक्क्यांच्या आसपास मतं, आणि जिंकणाऱ्या क्लाउडिया शाइनबाउम यांना जवळजवळ ६०. निकालाचा अंदाज कळताच त्याच रात्री बाईंनी फोन करून पराभव मान्य केला. शाइनबाउम मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्याही त्याच विद्यापीठाच्या. पदवी फिजिक्सची आणि पीएच.डी. एनर्जी इंजिनिअरिंगमध्ये!